परदेशी झालेली भिंत

“घसा ताणू नकोस, मी बहिरी नाही झालेली,” भामाकाकी भिंतीला म्हणाली, कारण भिंत सकाळपासून भाव वाढवून मागत होती.

“मी घसा ताणत नाही. मी मागणी मांडतो आहे,” कोपऱ्याचा चिरा म्हणाला. भिंतीच्या वतीने तोच बोलायचा. बाकीच्या चिऱ्यांची तोंडं एकमेकांना टेकलेली, त्यांना बोलायला जागा नव्हती.

“मागणी मांडतोय! कातळातनं काढला तेव्हा तुझ्या भोकाभोकांत मुंग्या होत्या. मी काडीने उकरून काढल्या एकेक. तेव्हा तोंड उघडलं नाहीस ते?”

“तेव्हा परदेशी सळईवरचा कर वाढलेला नव्हता.”

“सळई? अरे मेल्या, माझ्या घरात सळईचा तुकडा तरी आहे का? दाराची कडी सोडली तर लोखंड नाही. मातीत बसवलाय तुला, मातीत!”

“ते खरं,” चिरा शांतपणे म्हणाला. “पण सळई महागली म्हणून सिमेंट महागलं. सिमेंट महागलं म्हणून वाळू महागली, वाळूच्या मागोमाग खडी. सगळे वर गेल्यावर आम्हीच तेवढे जुन्या भावात बसून राहायचं, हे बरं दिसत नाही. समोर लिहिलेलंच आहे.”

समोर खरंच लिहिलेलं होतं. रस्त्यापलीकडे भामाकाकीचा धाकटा दीर वसंत शिगवण याचं इमारतीच्या सामानाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या कपाळावर भावाचा फळा. त्यावर वसंता रोज सकाळी ओल्या फडक्याने कालचे आकडे पुसून आजचे लिहायचा. घर बांधताना कोपऱ्याचा चिरा रस्त्याकडे तोंड करून बसवायचा नसतो, हे त्या तालुक्यात पोराबाळांनाही ठाऊक होतं. भिंत बांधणाऱ्या दत्ताराम मेस्त्रीलाही होतं. पण चिऱ्याची गुळगुळीत बाजू आत गेली तर वाया जाईल, असं त्याला वाटलं आणि त्याने ती बाहेर काढली. चूक एवढीच. चिऱ्याने पहिल्याच दिवशी फळा वाचला.

कायदा असा होता, की भिंतीत बसलेल्या मालाला छप्पर चढेपर्यंत आपल्या भावाबद्दल बोलता येई. आढं चढलं, त्याला आंब्याच्या पानांचा टाळा बांधला, नारळ फुटला, की सौदा पुरा झाला. मग भिंत जन्माची मुकी. म्हणून शहाणी माणसं शेवटचा थर बसला की त्याच दिवशी आढं चढवत. भामाकाकीने तसंच ठरवलं होतं. फणसाचं आढं तासून अंगणात ठेवलं होतं, टाळासुद्धा आणला होता. ऐन वेळी वसंताने दत्ताराम मेस्त्रीला हाक मारली, दुकानात फरशा रचायला ओटा बांधून हवा म्हणून. मेस्त्री गेला. वसंताचं उधारीचं सिमेंट त्याच्या डोक्यावर होतं, नाही कसं म्हणणार? त्या एका दिवसात टाळा सुकला आणि भिंतीला वाचा फुटली. आणि भिंतीने मागणी मांडली, की निकाल लागेपर्यंत आढं चढवायला बंदी.

भामाकाकी बिनछपराच्या त्या चार भिंतींमध्ये उभी होती. वर आभाळ स्वच्छ होतं. तिचा संताप असा, की पायाखालची माती गरम लागत होती.

जन्म गेला तिचा दुसऱ्यांची घरं बांधण्यात. बांधण्यात म्हणजे वाहण्यात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा, आणि शिडी. शाळामास्तराचं घर, दवाखाना, देवळाची धर्मशाळा, वसंताचं दुकान. कुठल्या भिंतीत कुठला चिरा आपण वाहिला, ते तिला आजही दाखवता आलं असतं. ती स्वतः मात्र नवरा गेल्यापासून दिराच्या पडवीत राहत होती. आता वसंताने सांगितलं होतं, पुनवेच्या आत पडवी रिकामी करा. त्याला तिथे परदेशी फरशा ठेवायच्या होत्या. सळईसोबत फरशीवरचाही कर वाढला होता; तो वाढायच्या आधी त्याने त्या ट्रक भरभरून आणल्या होत्या, आणि कर वाढल्यावरच्या भावाने तो त्या विकणार होता. फरशीला ऊन सोसत नाही, वहिनी, असं तो म्हणाला होता. वहिनीला ऊन सोसतं की नाही, हा विषय निघाला नव्हता.

म्हणून तिने वाटणीला आलेल्या आपल्या तुकड्यावर, आपल्याच परसातल्या जुन्या खाणीतून चिरे पाडून, एक खोली उभी केली होती. सळई नको, सिमेंट नको, कुणाचे उपकार नकोत. कौलंसुद्धा जुनी, मोडलेल्या गोठ्याची. ती एकदा छप्पर होऊन गेलेली, त्यामुळे कायद्याने मुकी. तिने सगळा विचार केला होता. परदेशातली वस्तू घरात येऊच द्यायची नाही, म्हणजे परदेशचा कर घराला शिवणार नाही. आणि तो कर आता रस्ता ओलांडून, फळ्यावरून उतरून, तिच्या घराच्या कोपऱ्यात बसून तिच्याशी वाद घालत होता.

“काकी, जरा गोडीने घे,” दत्ताराम मेस्त्री ओळंबा गुंडाळत म्हणाला. “साहेब येतायत.”

“तू गप बस. तुझ्या गुळगुळीत बाजूने घात केलाय माझा.”

भावसमता विभागाचे निरीक्षक कणेरकर जीपमधून उतरले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, भिंतीला नमस्कार केला, मग काकीला केला, आणि पालथ्या घमेल्यावर बसले. जीप पाहून वसंता दुकानातून आलाच. आणखी कुणाला बोलवायची गरज पडली नाही.

“मागणी कोणाची?” निरीक्षकांनी विचारलं.

“आमची,” कोपऱ्याचा चिरा म्हणाला.

“आपला जन्म कुठला?”

“इथलाच. मागच्या परसातला.”

“कधी परदेशी जाणं झालं?”

“जाणं नाही झालं. पण परदेशी फरशी माझ्या समोरून गेली आहे. टेम्पोतून.”

“किती जवळून?”

“अंगावर धूळ आली इतक्या.”

“म्हणजे संपर्क आहे,” निरीक्षक म्हणाले. “बाई, तुमचं म्हणणं?”

“माझं म्हणणं एवढंच,” भामाकाकी म्हणाली, “की म्हैस शेजाऱ्याची व्याली आणि पेढे मागायला आमचा रेडा आला. कर बसला सळईवर. ती कुठल्या मुलखातनं बोटीने आली ती सळई. ह्या दगडाने समुद्र तरी पाहिलाय का?”

“समुद्र पाहण्याची अट नाही, बाई,” निरीक्षक समजुतीने म्हणाले. “कर का वाढवला? बाहेरचा माल महाग व्हावा आणि आपल्या मालाला आधार मिळावा म्हणून. आधार मिळाला की आपला मालही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. आपला माल उभा राहिला, याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा.”

“उभा मी केला त्याला! ह्या हातांनी! आणि आधार दिला म्हणता तो कुणाला? ह्या दगडाला? वसंतभावजींना? मला कोण आधार देतं? माझ्या डोक्यावर काय चढलं? भाव चढला, छप्पर नाही चढलं!”

“वहिनी, साहेबांशी नीट बोला,” वसंता म्हणाला.

“तुम्ही इकडे या, भावजी. अस्से उजेडात. त्या पडवीत कोंबायच्या फरशा तुम्ही आणल्यात, त्यांच्यावर वाढीव कर भरलात?”

“त्या आधीच्या आहेत ना. तेव्हा कर कमी होता.”

“मग फळ्यावर वाढीव कर कुठनं आला?”

“आता बाजार म्हणून काही असतो, वहिनी. नवा माल ह्या भावाने येणार, तर जुनाही त्याच भावाने जाणार. मी एकट्याने स्वस्त विकून काय करू? लोक वेडा म्हणतील.”

“चोर म्हणण्यापेक्षा बरं ना ते!” काकी निरीक्षकांकडे वळली. “साहेब, ऐकलंत? न भरलेला कर हा माणूस गिऱ्हाइकाकडून वसूल करतोय. लिहा.”

निरीक्षकांनी मान वळवून दुकानाकडे पाहिलं. मग म्हणाले, “दुकानाला छप्पर आहे, बाई. छपराखालचा भाव माझ्या कक्षेत येत नाही. मी फक्त उघड्या भिंती बघतो.”

“म्हणजे ज्याच्या डोक्यावर आहे त्याला कोणी विचारायचं नाही, आणि जिच्या डोक्यावर नाही तिच्या दारात जीप!”

“बरोबर,” निरीक्षक म्हणाले. “तसाच नियम आहे.”

ते उठले. त्यांनी खिशातून एक छोटी हातोडी काढली आणि कोपऱ्याच्या चिऱ्यावर वाजवली. चिऱ्याने भरदार आवाज दिला. मग ते रस्ता ओलांडून गेले, दुकानातल्या परदेशी फरशीवर तीच हातोडी वाजवली आणि डोकं तिरकं करून तो आवाज मनात धरून परत आले. अंगणात सगळे थांबले होते. मेस्त्रीने ओळंबा पुन्हा सोडला होता आणि तो उगाच भिंतीला लावून बघत होता.

“मागणी मंजूर,” निरीक्षक म्हणाले. “भाव मालाच्या जन्मावरून ठरत नाही, शेजारच्या मालावरून ठरतो. ही भिंत परदेशी मालाच्या बरोबरीची आहे. आजपासून ती परदेशी धरावी.”

भिंतीतून हलकीशी माती गळली. चिऱ्यांना आनंद झाला की अशीच गळते.

भामाकाकीने पदर खोचला. आयुष्यभर मुकादम, मेस्त्री आणि दिरांशी भांडून तिला एक गोष्ट कळली होती, की समोरचा उड्या मारायला लागला की त्याचा पाय कुठे पडतो ते बघावं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “परदेशी तर परदेशी. मग ह्याने कर भरला का? बोटीने आलेल्या त्या सळईने नाक्यावर कर मोजला, तेव्हा ती महाग झाली. ह्या दगडाने कुठल्या नाक्यावर काय मोजलं? भाव परदेशी हवा आणि कर नको? असं कसं चालेल, साहेब?”

निरीक्षकांचा चेहरा उजळला. “हा मुद्दा मात्र अगदी बरोबर आहे. आतापर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. परदेशी मालावर कर लागतोच. भरला आहे का?”

“नाही,” चिरा म्हणाला. तो मुळीच घाबरला नव्हता. “पण कर माल भरत नाही. माल आणणारा भरतो.”

“तेही बरोबर. मग ह्या मालाची आयात कोणी केली? खाणीतून इथवर कोणी आणला?”

दत्ताराम मेस्त्री ओळंब्याकडे बघत पुटपुटला, “काकीनेच आणला. डोक्यावरनं.”

“मेल्या!” काकी म्हणाली.

“खोटं कसं बोलू, काकी? चुंबळ अजून तिथे पडलीय.”

चुंबळ खरंच पडली होती, आढ्याच्या शेजारी. निरीक्षकांनी ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि आदराने परत ठेवली. “वाहन सापडलं,” ते म्हणाले. “बाई, आयातदार तुम्ही आहात. परदेशी मालाचा कर तुम्हाला भरावा लागेल. भरायचा नसेल तर माल मूळ देशी परत पाठवावा लागेल. तिसरी वाट नाही.”

“मूळ देश म्हणजे?”

निरीक्षकांनी बोट दाखवलं. परसात, करवंदीच्या जाळीपलीकडे, जुनी चिरेखाण होती.

भामाकाकीने खाणीकडे पाहिलं. रडणाऱ्यातली ती नव्हती. पण कुणाशी भांडावं हे कळेनासं झालं, की रागालाही उभं राहायला जागा लागते आणि ती सापडत नाही. आपल्या जमिनीतला दगड आपल्या डोक्यावरून आपल्या अंगणात आणला, आणि ती आयातदार ठरली. भिंत परत गेली तर पुनवेला काकीला फरशांच्या शेजारीही जागा नव्हती, ती उघड्यावर होती.

वसंता हळूच जवळ सरकला. असल्या वेळी त्याचा आवाज नेहमी तुपात भिजायचा.

“वहिनी, मी काय म्हणतो. कर मी भरतो. घरचीच गोष्ट. हा जमिनीचा तुकडा तेवढा माझ्या नावावर करा, मला गोदाम हवंच आहे, भिंतीही आयत्याच उभ्या आहेत. आढं आजच चढवू. आणि तुम्ही काय, एका कोपऱ्यात राहा की खुशाल. फरशांवर लक्ष राहील.”

“हा प्रस्ताव आम्हाला मान्य आहे,” कोपऱ्याचा चिरा म्हणाला. “गोदामाची भिंत होणं कधीही बरं. आमच्या शेजाराला परदेशी माल येईल.”

“तुला विचारलं का रे?”

“आम्हाला विचारायलाच साहेब आले आहेत, बाई. तुम्ही शांतपणे विचार करा. कर तुम्हाला झेपणार नाही. आम्ही परत गेलो तर तुम्हाला घर राहणार नाही. राग तुमचा मोठा असेल, पण तो डोक्यावर घेऊन झोपता येत नाही.”

मेस्त्रीने मान खाली घातली. “चिरा बोलतोय ते...” असं काहीतरी तो म्हणाला आणि पुढचं गिळलं.

भामाकाकी कोणाकडेच न बघता चालत परसात गेली. करवंदीची जाळी बाजूला करून ती खाणीच्या काठावर उभी राहिली. खाण मोठी होती. निम्म्याहून जास्त चिरा वसंताच्या दुकानात बसला होता, आणखी दवाखान्यात, आणखी धर्मशाळेत. तिच्या एका खोलीचे चिरे परत येऊन कडेकडेने बसले असते तरी मध्ये ऐसपैस जागा उरली असती. कडा सुतात कापलेल्या. तळ सगळा कातळाचा, पाणी एका भेगेतून निथळून ओढ्याला जाणारं. उतरायला पायऱ्या, तिच्या सासऱ्याने पाडलेल्या. खाली गारवा होता, वरच्या उन्हातही तो तिच्या पावलांना लागला. दोन बाजू उंच, दोन ठेंगण्या. फणसाचं आढं त्या उंच कडांवर कसं बसेल, ते तिने एक डोळा मिटून पाहिलं. तिला ओळंबा लागत नसे.

परत आली तेव्हा तिने पदर सोडून पुन्हा खोचला.

“साहेब, दोन गोष्टी विचारते. सरळ सांगा. हे सगळे माझे दगड परत गेले, त्या खाणीत बसले. मग त्यांचा भाव काय?”

“मूळ देशी गेलेल्या मालाला भाव नसतो, बाई,” निरीक्षक म्हणाले. “तो माल राहत नाही. ती जमीन होते.”

“जमीन कोणाची?”

“तुमची.”

“जमिनीला बोलता येतं?”

“जमिनीला कशाला बोलता येईल?” निरीक्षकांना प्रश्नच चमत्कारिक वाटला.

“आणि आढं कशावर चढवावं, ह्याचा काही कायदा?”

“दोनच गोष्टी म्हणालात,” निरीक्षक म्हणाले. पण त्यांनी विचार केला. “नाही. आढं चढलं पाहिजे एवढंच आहे. खाली भिंत जमिनीच्या वर असावी असं कुठे म्हटलेलं नाही.”

वसंताच्या लक्षात आधी आलं नाही. चिऱ्याच्या आलं. दगड उशिरा समजतो, पण समजल्यावर विसरत नाही. भिंतीतून पुन्हा माती गळली, ह्या वेळी जास्त.

“बाई,” कोपऱ्याचा चिरा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज थोडा खाली आला. “तिथून रस्ता दिसत नाही.”

“हो. आणि फळाही नाही.”

“आपण भावात थोडं मागेपुढे करू शकतो.”

“सकाळी का नाही केलंस?”

“वहिनी, भलतंच काय!” वसंता आता जागा झाला होता. “खाणीत राहणार? उंदरासारख्या? गाव काय म्हणेल, शिगवणांची मोठी सून खड्ड्यात राहते? आमची अब्रू काय राहील? माणूस घर बांधतं ते वर येण्यासाठी, वहिनी! खड्ड्यात जाण्यासाठी नव्हे!”

“तेच म्हणतो मी,” चिरा घाईने म्हणाला. “खड्ड्यात राहायची लाज नाही वाटणार तुम्हाला?”

दत्ताराम मेस्त्रीने कोणी न सांगता आढ्याचं एक टोक उचलून खांद्यावर घेतलं होतं. निरीक्षक चपला घालून उंबऱ्याबाहेर थांबले होते, कारण कर भरायचा की माल परत, हे अजून ठरायचं होतं. भामाकाकीने खाली वाकून चुंबळ उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. मग ती भिंतीसमोर उभी राहून एकच वाक्य बोलली, आणि त्यानंतर त्या अंगणात भावाचा शब्द कोणी काढला नाही.

“लाज मला त्या दिवशी वाटायला हवी होती रे, ज्या दिवशी तुला डोक्यावर घेऊन वर आणला; आता उतरा खाली सगळे, रांगेने, आणि खांद्याला खांदा लावून नीट बसा, कारण पुनवेच्या आत मी तुमच्या डोक्यावर आढं चढवणार आहे आणि तुमच्या उरावर चूल मांडणार आहे.”